पाणंद, गाडीवाट, पायवाट: नकाशावर नुसती रेघ पुरत नाही

गेली चार वर्षे मी सोलापूरच्या आसपासच्या पाणंदी, गाडीवाटा, विहिरी आणि पाणवठे ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवतो आहे. 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक मिळून भरतात आणि त्यात कोणालाही भर घालता येते. आपल्याकडची नवी मंडळी या कामात येत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्यांच्या नोंदी पाहताना एक गोष्ट सतत खटकते. घरी बसून उपग्रहचित्रावरून रेघ ओढायची, तिला 'हायवे=पाथ' (म्हणजे पायवाट) एवढाच टॅग, म्हणजे ती रेघ कशाची आहे हे सांगणारी खूणचिठ्ठी, लावायचा आणि पुढच्या रेघेकडे वळायचे, हे अर्धे काम झाले. वाटांच्या बाबतीत असे अर्धे काम प्रसंगी माणसाला अडचणीत टाकते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. हिप्परगा तलावाच्या मागच्या अंगाने जाणारी एक गाडीवाट मी उन्हाळ्यातल्या चित्रावरून काढली होती. चित्रात ती पांढरीशुभ्र, सरळ आणि कोरडी दिसत होती. पुढे जुलैमध्ये शहरातला एक तरुण मोबाइलवरचा नकाशा पाहत सायकलने त्या वाटेला लागला. अर्ध्या कोसावर मुरूम संपला, काळी माती सुरू झाली आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये चिखल इतका घट्ट बसला की चाक फिरेनासे झाले. अंधारात सायकल खांद्यावर घेऊन तो डांबरी रस्त्यापर्यंत चालत आला. त्याने मला दोष दिला नाही, तरी ती रेघ माझी होती आणि तिच्यावर पृष्ठभागाविषयी मी एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

आपल्या जुन्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो. ज्यांनी ते नकाशे केले, त्यांना वाटेवरून बैलगाडी जाते की फक्त माणूस, हे सांगणे गरजेचे वाटले होते. आपल्या हाती तर त्याहून कितीतरी अधिक सांगण्याची सोय आहे. शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेला 'हायवे=ट्रॅक' लावावे; ती किती टणक आहे हे 'ट्रॅकटाइप'च्या ग्रेड 1 (सर्वांत टणक) ते ग्रेड 5 (सर्वांत मऊ) या पायऱ्यांनी सांगावे; मुरूम, खडी की माती हे 'सरफेस'मध्ये लिहावे. फक्त पायी जाण्याजोगी वाट असेल तेव्हाच 'पाथ' म्हणावे. आपल्या जिल्ह्यात काळ्या मातीची वाट मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये एकच राहत नाही, त्यामुळे पाहणीची तारीख 'चेक_डेट'मध्ये नोंदवणे मी तरी अत्यावश्यक मानतो.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाबाबत अधिक जपून वागावे लागते. 1979 साली घोषित झालेले हे माळढोक पक्ष्याचे अभयारण्य. माळढोक आता तिथे क्वचितच दिसतो, पण काळवीट आणि लांडगे त्याच गवतावर जगतात. अभयारण्यातल्या वाटा नकाशावरून खोडून टाकाव्यात असे काही मित्रांचे म्हणणे आहे. त्यामागची कळकळ मला समजते, तरीही हा उपाय मला पटत नाही. खोडलेली वाट दुसरा कोणीतरी उपग्रहचित्रावरून पुन्हा काढतो आणि या खेपेस तिच्यावर प्रवेशबंदीची खूणही नसते. म्हणून वाट राहू द्यावी आणि तिच्यावर 'ॲक्सेस=नो', किंवा परवान्याने जाता येत असेल तर 'ॲक्सेस=परमिट', असे स्पष्ट लिहावे. घरटे किंवा लांडग्याचे बीळ मात्र कधीही, कोणत्याही टॅगने नोंदवू नये. माळढोकची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. छायाचित्रासाठी तिथवर एक गाडी पोहोचली तरी त्या हंगामाचे सारे संपू शकते.

पाण्याच्या नोंदींतही अशीच घाई दिसते. विहीर दिसली की अनेकजण तिला पिण्याच्या पाण्याची जागा ठरवून मोकळे होतात. गेल्या ऑगस्टमध्ये मी ती हिप्परग्याची वाट भर पावसात पायी चाललो. वाटेतल्या विहिरीवर एक वयस्क शेतकरी बसले होते. "मामा, हे पाणी पिता का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "जनावरं पितात. आम्ही घरनं बाटली आणतो." मी तिथेच उभ्या उभ्या विहिरीला 'ड्रिंकिंग_वॉटर=नो' लावले. ते एक वाक्य कोणत्याही उपग्रहचित्रात दिसले नसते.

घरी आल्यावर ती वाट मी तीन तुकड्यांत विभागली. मुरुमाचा तुकडा लिंबाच्या झाडापाशी संपतो, तिथून ओढ्यापर्यंत काळी माती आहे आणि तिला ग्रेड 5 दिले आहे. ओढ्यापलीकडचा तुकडा पाणी चढल्यामुळे मला पाहता आला नाही. त्याचा 'सरफेस' रिकामा ठेवून 'फिक्समी'मध्ये, म्हणजे राहिलेले काम सांगणाऱ्या टॅगमध्ये, लिहिले आहे: पावसाळ्यात पाहणे बाकी. त्या बाजूच्या गावातले कोणी ही पोस्ट वाचत असेल, तर तेवढा तुकडा चालून पाहावा आणि जे दिसेल ते भरावे, ही विनंती.