मामी, तो उंदीर हातात घेऊ नकोस

परवा सकाळी मामीचा फोन आला. चिपळूणजवळच्या गावात राहते, वय ६२, घरात एकटी, सोबतीला ठकी नावाची तिरंगी मांजर. आवाजात एवढा आनंद की मला वाटलं मामेभावाचं लग्न ठरलं. तर बातमी अशी की ठकीने पहाटे पडवीत उंदीर आणून ठेवला आणि मामीने तो हातात घेतला. हातात म्हणजे हातातच, कागद नाही की पिशवी नाही. ठकीच्या तोंडासमोर धरून "गुणाची गं माझी बाय ती" म्हणाली, आणि मग मागे माडाच्या बुंध्यात टाकला. भर पावसाळ्यात, आदल्याच आठवड्यात विळीवर बोट कापलेलं असताना.

मी ओरडलेच. तर म्हणते, "अगं, कौतुक नाही केलं तर तिचं मन दुखतं म्हणे. तूच वाच, पाठवते तुला."

पाठवलं, आणि बघते तर तेच आमच्या फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे फिरतंय. "मांजर शिकार घरी का आणते? ९९ टक्के लोकांना माहीत नाही!" सहा मुद्दे आणि शेवटी "परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे". कोण शास्त्रज्ञ, कुठला देश, पत्ता नाही. मुद्दे थोडक्यात असे. एक, मांजर तुम्हाला गिफ्ट देते, कारण तुम्हाला शिकार जमत नाही हे तिला कळतं. दोन, गिफ्ट हातात घेऊन कौतुक करा, नाहीतर ती डिप्रेशनमध्ये जाते. तीन, तिची लाळ औषधी असल्याने ती शिकार निर्जंतुक असते. चार, रात्री उपाशी ठेवा म्हणजे जास्त उंदीर मारेल. पाच, पक्षी वाचवायचे तर गळ्यात घंटा बांधा. सहा, मांजर पाळलं की उंदरांचा प्रश्न कायमचा मिटतो.

क्रमाने जात नाही. दोन आणि तीन आधी घेते, कारण या यादीत माणसाच्या जिवावर बेतेल असं काही असेल तर ते हेच.

कोकणात राहणाऱ्या बाईला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांपासून होणारा ताप) म्हणजे काय हे मी सांगायची वेळ यावी याचंच नवल वाटतं. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे पेशंट निघतात, मुंबईत २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर लेप्टोने माणसं गेली, आणि आजही पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. हे सगळं कशामुळे, तर मुख्यतः उंदरा-घुशींच्या लघवीमुळे. तो जंतू उंदराच्या किडनीत ठाण मांडून असतो, उंदीर स्वतः ठणठणीत दिसतो, आणि लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात, ओल्या मातीत आणि पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. आत शिरायला त्यांना मोठी जखम लागत नाही, कापलेलं बोट, पायाच्या भेगा, किंवा तोच हात डोळ्याला लागला तरी पुरतं. आता मांजराने जबड्यात चिरडलेला उंदीर, त्याची लघवी त्याच्याच अंगाला लागलेली असणार नाही का? आणि तो मामीने कापलेल्या बोटाच्या हाताने उचललाय. गिफ्ट म्हणे.

लाळेचं तर विचारूच नका. मांजर नुसतं चावलं तरी दुसऱ्या दिवशी हात टम्म सुजतो, तो पाहिलाय ना? बहुतेक मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, बरेचदा ते त्यांचंच काम असतं. मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवतं म्हणून त्याची लाळ डेटॉल होत नाही. आणि डिप्रेशन! उंदीर उचलून टाकला की ठकी अंग ताणून देते आणि तांदळाच्या कणगीवर जाऊन झोपते, हे मी स्वतः कितीदा बघितलंय. कौतुक करायचंच असेल तर तोंडाने करा, लांबून.

उचलायचा कसा, तर हातात प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची, उंदीर पकडायचा, पिशवी सुलटी करून गाठ मारायची, जागेवर ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकायचं, हात साबणाने धुवायचे. आणि पुढच्या महिनाभरात ताप आला, डोकं दुखलं, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले तर घरी काढा पीत बसायचं नाही. डॉक्टरकडे जाऊन सांगायचं की मी मेलेला उंदीर हातात घेतला होता. लाज वाटली तरी सांगायचं. लवकर कळलं तर साध्या अँटिबायोटिकने बरं होतं, उशीर झाला तर किडनी, लिव्हर, फुप्फुसं, कुठेही जातं.

आता गिफ्टचा मुद्दा. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. मांजरीण पिल्लांसाठी आधी मेलेली शिकार आणते, मग अर्धमेली, मग जिवंत, आणि पिल्लं तशी शिकतात. हे खरंच होतं. त्यावरून लोकांनी ओढून ताणून काढलं की आपण तिची पिल्लं. मग नसबंदी केलेले बोके का आणतात, ते काय आई होतात? सरळ कारण असं असू शकतं की घर ही तिची सुरक्षित जागा, तिथे निवांत खाता येतं, म्हणून आणते, आणि आल्यावर ताटलीत माशाचं डोकं दिसलं की उंदराला कोण विचारतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात संशोधकांनी ५५ मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते, २०१३ साली ते छापून आलं. शिकार करणाऱ्या मांजरांनी पकडलेल्यातलं जेमतेम २३ टक्के घरी आणलं, २८ टक्के खाल्लं आणि जवळजवळ निम्मं जिथल्या तिथे टाकून दिलं. गिफ्टच द्यायचं असतं तर निम्मं वाटेत टाकून आली असती का?

चौथा मुद्दा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं, कारण मामीने तोही अमलात आणला होता. आठ दिवस ठकीला रात्रीचं जेवण बंद. "जरा सुकलीय" म्हणाली फोनवर, जसं काही फुलझाड आहे.

उपाशी मांजर शिकार मारून खाण्याची शक्यता जास्त, हे मी नाकारत नाही. पण पोट भरलेलं मांजर आळशी होऊन शिकार सोडतं हे चूक आहे, शिकारीची खुमखुमी आणि भूक या तिच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यावर इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने नीट प्रयोग केलाय, २०२१ मध्ये करंट बायोलॉजी या शास्त्रीय नियतकालिकात आला. २१९ घरं, ३५५ मांजरं, सगळी शिकारी, आणि घरी काय काय आणतात ते मालकांनी आठवडेच्या आठवडे लिहून ठेवलं. ज्यांना भरपूर मांसाचं, धान्य नसलेलं खाणं दिलं त्यांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं काठीला पीस बांधून खेळवलं तर २५ टक्क्यांनी कमी. आणि कोड्यासारख्या डब्यातून खटपट करून खाणं काढायला लावलं, तर ३३ टक्क्यांनी वाढली! म्हणजे खाणं सहज मिळेना झालं की मांजर बाहेर जास्त हात मारत असावं. फॉरवर्डवाला म्हणेल, बघा, मी तेच म्हणतोय. अहो पण आपल्याकडे आजूबाजूला उंदराच्या औषधाची वडी ठेवलेली असते, आणि चौथ्या मुद्द्याची खरी गोम तीच.

मामीचा आधीचा बोका, बंड्या, असाच गेला. शेजारच्या गोदामात औषध ठेवलं होतं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. ही वडीवाली औषधं बहुतेक रक्त गोठू न देणारी असतात, उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस किंवा जास्तही मंद होऊन फिरत राहतो. आणि मंद उंदीर कुणाला आधी सापडतो? उपाशी मांजराला. एका उंदराने होईलच असं नाही, पण रोज रोज खाल्ले की मांजराच्या अंगात ते साठत जातं. बंड्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं काहीतरी लागलं असेल. व्हिटॅमिन के वन वेळेवर मिळालं तर मांजर वाचू शकतं, आम्हाला तो वेळ मिळाला नाही. काळ्या पावडरीचं झिंक फॉस्फाइड तर त्याहून वाईट, त्याला उताराच नाही. तेव्हा आजूबाजूला कुणी औषध ठेवलंय का हे विचारून या, आणि ठेवलं असेल तर मांजर काही दिवस घरात कोंडा, ओरडू दे.

आणि मांजराने उंदरांचा प्रश्न मिटतो हेही तेवढंच खोटं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका कचरा केंद्रात मोठ्या उंदरांची वसाहत होती, तिथे भटकी मांजरं आली आणि संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून बघितलं. मारलेले उंदीर किती? दोन. मोठ्या उंदराच्या वाट्याला मांजर सहसा जात नाही, लहान उंदीर, पाली, चिमण्या मात्र जातात. धान्य झाका, बिळं बुजवा, कचरा उघडा ठेवू नका. ते कंटाळवाणं आहे म्हणून फॉरवर्ड होत नाही.

घंटेवरून मी भांडत नाही. एक्सेटरच्या प्रयोगात घंटेचा काहीच फरक दिसला नाही, पण आधीच्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसला होता. आणि तशीही मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण हे आपल्याकडे अजून ठरायचंय.

रात्री मामीला परत फोन केला, तासभर बोलले. ताप नाही, बोट भरत आलंय, ठकीला बांगड्याचं डोकं मिळालं. काठीला कोंबडीचं पीस बांधून मामी तिला पडवीत नाचवते, स्वतःही नाचते असं शेजारची काकू सांगते. आज सकाळी ठकीने पाल आणली, जिवंत, शेपटीशिवाय. मामीने लगेच फोटो पाठवला, हातात पिशवी घातलेली आहे. पिशवीला भोक आहे.