धर्माच्या गाईचे दात

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, कानाचं मशीन दोन वर्षं आमच्या सॅन होजेच्या घरात ड्रॉवरमध्ये पडून आहे. आई म्हणतात, "कुणाच्या तरी कानाला लागू दे." मी दोन संस्थांना फोन केले. एकीने सरळ नाही म्हटलं. दुसरीकडच्या बाईंनी निदान कारण तरी सांगितलं. "उद्या कुणाच्या कानाला इजा झाली तर दावा आमच्या संस्थेवर येईल, म्हणून आमचा वकील म्हणतो चष्मे घ्या, मशीन नको."

त्या दिवशी वकिलाचा राग आला होता. आता तेवढा येत नाही.

मी काही शनिवारी एका संस्थेत दानात आलेले जुने चष्मे निवडायला जाते. टेबलावर ढीग ओततात. कुणाची काडी तुटलेली, कुणाच्या काचेवर ओरखडे, एकदा तर नुसत्या रिकाम्या केसेस (लोक अडगळ आणि दान एकाच पेटीत टाकतात). जे बरे निघतात ते लेन्सोमीटरखाली (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) धरायचे, नंबर काढायचा, धुऊन चिठ्ठी लावायची. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दानात आलेले 275 चष्मे तपासले होते. वापरण्याजोगे निघाले 7 टक्के. ढिगापुढे बसलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

तरी हे काम लागतं. इथल्या म्हाताऱ्यांच्या मूळ मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्यविम्यात) रोजचा चष्माही बसत नाही आणि कानाचं मशीनही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आपल्या आईवडिलांचा चष्मा फुटला तर व्हिजिटर इन्शुरन्स सहसा हात वर करतो.

कायद्याची गंमत अशी की अन्नदानाला अमेरिकेत 1996 पासून देशभर दाव्यांपासून संरक्षण आहे, देणाऱ्यालाही आणि वाटणाऱ्या संस्थेलाही. 1997 चा स्वयंसेवकांचा कायदा माझ्यासारखीला वाचवतो, पण संस्थेला नाही. चष्म्याचं ज्या त्या राज्याने बघायचं. कॅलिफोर्नियाने बघितलंय: दिवाणी संहितेचं कलम 1714.26. नंबर परवानाधारक डॉक्टरने काढलेला हवा, दिलेला चष्मा त्याच्याशी जुळता हवा, पैसे घ्यायचे नाहीत, आणि ही तात्पुरती सोय आहे, पूर्ण तपासणी अजून व्हायचीय, हे घेणाऱ्याने सही करून मान्य करायचं. एवढं पाळलं तर संस्थेवर दावा नाही. घोर निष्काळजीपणा केला तर मात्र संरक्षण गेलं.

मला हे कलम आवडतं ते माफीसाठी नाही, अटींसाठी. आपल्या ग्रुपवर हा विषय निघाला की कुणीतरी लिहितंच, "फुकट मिळतंय, वर तक्रार कसली?" धर्माची गाय आणि दात का गं नाय! अहो, पण गाय बिनदाताची निघाली तर फार तर दूध कमी. चुकीच्या नंबरचा चष्मा लावून माणूस फ्रीवेवर गाडी घालतो. इथे दात मोजलेच पाहिजेत.

आता मशीन. या कलमात फक्त चष्मा आहे. मग काही जण म्हणतात, "आणि श्रवणयंत्रे" एवढे दोन शब्द घाला की झालं. मला ते अजिबात पटत नाही. चष्मा चुकला तर धोका असतोच, पण निदान कळतं: डोकं दुखतं, बहुतेक माणूस तो काढून ठेवतो. मशीन बाबांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे त्यांच्या कानाच्या तपासणीच्या आलेखावर, लावलेलं आहे. त्यांना ऐकू फारच कमी यायचं, म्हणून आवाज तितका चढवलेला. तेच मशीन ज्याला थोडंच कमी ऐकू येतं त्याच्या कानात घातलं, तर जे ऐकू येतंय तेही हळूहळू जाऊ शकतं, आणि जाताना कळणारही नाही. कानातला मोल्ड बाबांच्या कानाच्या मापाचा, दुसऱ्याच्या कानात तो शिट्टी मारणार. म्हणजे नवा मोल्ड हवा, नवी तपासणी हवी, ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) कंपनीच्या सॉफ्टवेअरवर मशीन पुन्हा लावायला हवं, आणि महिन्याभराने माणसाला परत बोलवायला हवं. एवढं करणाऱ्या संस्थेला पूर्ण संरक्षण द्या, मी सही करते. नुसती पेटीतून काढून बॅटरी घालून देणाऱ्यावर दावा होत असेल तर होऊ दे. खर्चिक आहे म्हणाल, तर आहेच. मग मशीन कमी वाटा.

आणखी एक खटकतं. संस्थेला वाचवणारी ती सही. मी बघितलेला फॉर्म इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये होता. गेल्या महिन्यात आपल्याकडच्या एक आजी आल्या होत्या. मुलाने बोट ठेवलं तिथे सही केली आणि मला विचारलं, "पैसे किती झाले गं?" तात्पुरतं, पूर्ण तपासणी, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ती सही कोर्टात चालेलही, पण ती त्यांची होती असं मी म्हणणार नाही.

म्हणून सध्या त्या फॉर्मचं मराठी करतेय. संस्था म्हणाली, दे, छापू. "घोर निष्काळजीपणा" वर अडलेय. आईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे कोण वाचणार? बेफिकिरी लिही." कुणाला याहून बरा शब्द सुचला तर खाली टाका, शुक्रवारी छपाईला द्यायचंय.