नाही, आत्महत्या नाही केली त्यांनी

आज ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची तेरवी. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम हळहळल्या, काय करायचे म्हणून विचारलं. म्हटलं, शेती. वाशीम जिल्हा, मंगरूळपीरकडे. तर आवाज खाली करून म्हणतात, "आत्महत्या का गं?"

नाही हो. ७८ वर्षांचे होते. तुरीच्या वावरातून आले, हातपाय धुतले, चहा घेतला, बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. शेतकरी असाही मरतो!

तिथे काही बोलले नाही. बसमध्ये बसल्यापासून मात्र डोकं तापलंय.

मॅडम वाईट नाहीत. आमच्याकडे आत्महत्या होतात, शेजारच्या यवतमाळात तर किती वर्षं होताहेत, हे मी कुठे नाकारतेय? पण माणूस एवढं आयुष्य जगला, त्याबद्दल एक प्रश्न नाही?

मग मीच सांगते. २०२० चं सोयाबीन आठवतं का कुणाला? आदल्या ऑक्टोबरात ऐन सोंगणीत पाऊस झाला होता, दाणा भिजला होता. त्याच मालाचं बियाणं पुढच्या जूनमध्ये पिशव्यांतून गावोगावी आलं. मोठेबाबांनी पिशवी उसवली, शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी करून माजघरात ठेवली. रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उलगडलं तर अडतीस उगवलेले. सत्तर तरी हवेत. ती गुंडाळी काखेत मारून म्हातारा घरोघर फिरला. "पेरू नका बाप्पा, यात जीव नाई." पोरं हसली. पिशवीवर टॅग आहे, बिल आहे, आबाजी, एवढं कायले ताणता? निम्म्या गावाने पेरलं. त्या वर्षी मराठवाडा-विदर्भात काय झालं ते पेपरात आलंच होतं. दुबार पेरणी.

हा माणूस तज्ज्ञ होता. तुमच्या कंपनीत कोट घालून प्रेझेंटेशन देतात ते जसे असतात, तसाच. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं, पिशवी ट्रकमधून आपटली तरी आतला कोंब मरतो, हे मला त्यांनी शिकवलं. ओल किती हे मूठभर माती दाबून सांगायचे. त्यांचा हात गुणाचा म्हणून तिफणीची मूठ पहिल्यांदा त्यांनी धरावी असं लोकांना वाटायचं. ट्रॅक्टर आला, तिफणी गेल्या, तरी बोलावणं यायचं.

पण आपल्याला शेतकरी दोनच रूपांत चालतो. फोटोत फेटा बांधून हसणारा अन्नदाता, नाहीतर बातमीतलं प्रेत. सरकारचंही तेच. आत्महत्या केली तर समिती बसते, जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं की सावकाराचं, पात्र की अपात्र. पात्र ठरला तर एक लाख. वीज पडून, साप चावून गेला तर अपघाताची योजना, तीही १० ते ७५ वर्षांपर्यंत. म्हणजे ७६व्या वर्षी वावरात साप चावला तर तुम्ही कागदावर शेतकरी नाही. आणि दुपारी चहा पिऊन गेलात तर कुणाच्याच रकान्यात नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे. १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसह त्यांनी जीव दिला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी लोक उपवास करतात. करावाच. पण ते गावचे सरपंच होते, भजनं गायचे, हे त्या दिवशी किती जणांना आठवतं?

जरा जास्तच चिडून लिहितेय. पाणी प्यायले, परत बसले.

त्या दुबार पेरणीची उरलेली गोष्ट. जे हसले होते त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला पैसा नव्हता. मोठेबाबांनी कोठीतलं घरचं सोयाबीन काढलं, पायलीने मोजून दिलं. दिवाळीत परत करताना लोक सवाई द्यायला आले तर घेतली नाही. "मी तुमचा सावकार हाओ का?" एवढंच बोलले. टोमणा मात्र दोन वर्षं मारला, तो सोडला नाही.

देवमाणूस वगैरे नव्हते. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, माझ्या बाबांशी किती वर्षं अबोला धरला होता. मोठ्या आईचं नाव सातबाऱ्यावर कधी लावलं नाही. गोणपाटावर रोज पाणी तीच शिंपडायची, दाणेही तिनेच मोजलेले, यांचा चष्मा तेव्हा फुटलेला होता. गावाला गुंडाळी दाखवत हे फिरले, नाव यांचं झालं. आता वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात तिलाच उभं राहायचंय.

गेल्या वर्षी तिला विचारलं होतं, एवढी खटपट करून उरतं काय? ती म्हणाली, "उरत नाई, पण पेरलं नाई तं करमत नाई यायले." मला हे पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. हमीभावाचं केंद्र उघडेपर्यंत माल व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हावं लागतं, अशी शेती करमत नाही म्हणून कोण करतं? ते करायचे.

असो. कमेंटमध्ये हात जोडलेल्या चित्रांची रांग नको. तूर वाळून उभी आहे, शेंगा तडकायला लागल्यात, दादा तेरवीच्या कामात अडकलाय आणि मजूर मिळत नाहीत. मंगरूळपीर-कारंजा भागात कुणाच्या ओळखीत तूर सोंगणारी टोळी असेल तर इनबॉक्स करा. रोजी रोख देऊ, येण्याजाण्याचं भाडंही देऊ.