एकट्या पोरीने घोटाळा पकडला? नाही हो काका

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर चार दिवस एकच फॉरवर्ड फिरतंय, रामबागेतल्या काकांपासून राजेंद्र नगरच्या मावशीपर्यंत सगळ्यांचं पाठवून झालं. म्हणे एचबीओची ‘बॅड एज्युकेशन’ ही फिल्म शंभर टक्के खरी, एका शाळकरी पोरीने एकटीने 1.12 कोटी डॉलरची चोरी पकडली, ऑडिट कधी झालंच नव्हतं, प्रायव्हेट शाळा अशाच लुटतात, आणि तिकडे अमेरिकेत चोराला 12 वर्षं आत टाकतात, आपल्यासारखं नाही.

काका, राग मानू नका. न्यूयॉर्कजवळच्या रोझलिनमधल्या शाळांच्या खऱ्या घोटाळ्यावरची ही फिल्म मस्तच आहे, हीरो ह्यू जॅकमन तर कमाल, पण फॉरवर्डमध्ये गोंधळ आहे.

आधी ती पोरगी. शाळेतल्या मुलांच्या पेपरने 2004 मध्ये बातमी सगळ्यांच्या आधी छापली हे खरं, त्या मुलांना मानलं पाहिजे. पण फिल्ममधली रेचल हे रचलेलं पात्र आहे, आणि शाळा चालवणाऱ्या बोर्डाला तर 2002 मध्येच कळलं होतं! हिशेब सांभाळणारी पॅमेला ग्लकिन, तिच्या मुलाने शाळेच्या पैशाने होम डेपो नावाच्या दुकानातून बांधकामाचं सामान उचललं आणि तिथून भांडं फुटलं. म्हणजे आपल्या सियागंज बाजारातून शाळेच्या नावाने माल उचलायचा आणि टेम्पो आपल्या दारात रिकामा करायचा. मग बोर्डाने काय केलं, तर अडीच लाख डॉलर परत घेतले आणि बाईंना गुपचूप घरी पाठवलं, पोलीस नाही, काही नाही. कारण रोझलिनच्या शाळांचं नाव होतं, मुलं मोठमोठ्या कॉलेजात जात होती, त्या नावावर घरांचे भाव चढत होते, बोभाटा हवाय कोणाला? पूर्ण आकडा आला तो 2005 मध्ये, राज्याच्या ऑडिटमधून.

ऑडिट नव्हतं म्हणता? बाहेरचा ऑडिटर होता की, पुढे तोही अडकला. आमच्या सोसायटीचा हिशेब मी एकदा बघायला घेतला तर ‘इतर खर्च 18,400’, खाली तीन सह्या, बिल एकही नाही, आणि विचारलं तर म्हणे चहा घ्या.

आणि प्रायव्हेट तर अजिबात नाही, लोकांच्या प्रॉपर्टी टॅक्सवर चालणाऱ्या सरकारी शाळा होत्या त्या. प्रायव्हेटच्या फीचाच राग असेल तर आपल्या मध्य प्रदेशात 2017 चा फी कायदा आहे, त्यात येणाऱ्या शाळांना 10 टक्क्यांच्या वर वाढवायची तर परवानगी लागते, ते फॉरवर्ड करा ना.

राहिली शिक्षा. सुपरिंटेंडेंट, म्हणजे या सगळ्या शाळांचा प्रमुख, फ्रँक टॅसोनला 2006 मध्ये झाली 4 ते 12 वर्षं, आणि 2010 मध्ये साहेब बाहेर. वर पेन्शन चालूच, कारण न्यूयॉर्कच्या राज्यघटनेमुळे पेन्शनला हात लावता येत नव्हता, वर्षाला 1.73 लाख डॉलरच्या आसपास. काका, तुम्ही 34 वर्षं बँकेत घासलीत, महिन्याचा हिशेब नका लावत बसू, उगाच जीव जळेल.