गुलाबी स्फटिक आणि संक्रांतीचं वाण

सध्या इन्स्टा उघडलं की कुणी ना कुणी आयुष्यात प्रेम खेचून आणायला शिकवत असतं. उशाशी गुलाबी स्फटिक ठेवा, पौर्णिमेला मेणबत्ती लावा, हव्या त्या माणसाचं नाव सकाळी 3 वेळा, दुपारी 6 वेळा, रात्री 9 वेळा लिहा. आमच्या ऑफिसातली एक पोरगी खरंच लिहिते, वही भरत आलीय. मला तिचं हसू येत नाही. आपल्याकडे पोरींनी सोळा सोमवार काय कमी केलेत?

माझं दुखणं वेगळं आहे. या सगळ्यात दुसरं माणूसच नाही! मी, माझी वही, माझी मेणबत्ती. गॅब्रिएले ओटिंगेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2002 साली एक अभ्यास मांडला. त्यात कुणावर तरी जीव जडलेली कॉलेजची मुलं होती. जी नुसती गोडगोड स्वप्नं रंगवत बसली, त्यांचं जुळण्याचं प्रमाण कमी निघालं. 'आपलं जमेल' असा भरवसा असलेल्यांचं जास्त. बाईंचं म्हणणं असं की मनातल्या मनातच सगळं मिळाल्यासारखं वाटतं, मग उठून बोलायला जायचा जोर उरत नाही.

आता आपली संक्रांत बघा. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं आणि आमचं पार्किंगवरून बोलणं बंद होतं. जिन्यात दिसल्या की दोघी मोबाईलमध्ये बघायचो. संक्रांतीला बेल वाजली, दारात काकू. अंगावर काळी साडी, चेहरा तसाच आंबट, हातात हलव्याची वाटी. "हळदीकुंकू आहे, सहाला या." एवढंच बोलून गेल्या. सहाला गेले. अत्तर लागलं, ओटी भरली, वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली. पार्किंगचा प्रश्न सुटला नाही म्हणा, पण बोलणं सुरू झालं. काकूंच्या मनात माझ्याबद्दल त्या दिवशी एकही पॉझिटिव्ह विचार नसणार, पैजेवर सांगते. पण रीत होती म्हणून त्या आल्या. दसऱ्याला आपट्याचं पान घेऊन रुसलेल्या भावाच्या दारात जावं लागतं, तेही तसंच. मन तयार व्हायची वाट बघत बसलं तर वर्षं जातात.

याच हळदीकुंकवाने विधवा बायकांना किती वर्षं दाराबाहेर ठेवलं, हे मात्र मला सोडून देता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारनेही इतर गावांना तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं. आपल्या सोसायट्यांना अजून कुठल्या परिपत्रकाची वाट बघायचीय?

एकट्याने बसून करायचंच असेल तर इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यान शिबिरात दहाव्या दिवशी शिकवतात ती मंगल मैत्री करा. त्यात 'मला मिळो' नसतं, 'सगळ्यांचं भलं होवो' असतं. नावडत्या माणसांचंसुद्धा. करून बघा, दात-ओठ खावे लागतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा रथसप्तमीच्या आत एक सामायिक हळदीकुंकू करायचं चाललंय. सवाष्ण, विधवा, घटस्फोटित, लग्न न केलेली, सगळ्या. ऑफिसातल्या त्या पोरीलाही बोलावलंय. पुरुषांनी तिळगूळ वाटायचा आणि कप विसळायचे. फक्त वाण म्हणून पुन्हा प्लॅस्टिकचे डबे आणणार असाल तर आधी सांगा, माझ्या कपाटात जागा नाही.