अर्ध्या ड्रमातली बागाईत

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तीच केळी माझा शालक रावेरला पिकवतो. त्यामुळे मीही मागच्या अंगणात फळझाड लावतोय असं सांगितल्यावर तो फोनवर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "दाजी, किती एकर?"

अंगण सहा बाय नऊ फूट. त्यातून मोरी, सायकल आणि कूलरचा स्टँड वजा केला, की उरतो एक अर्धा ड्रम. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून, तापवलेल्या सळईनं बुडाला भोकं पाडून (बोटाला एक, ते हिशोबात धरलेलं नाही) मी त्यात माती, शेणखत आणि कोकोपीट भरलं आणि साई सरबती लिंबाचं रोप लावलं. ही जात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची. नावातच सरबत असल्यामुळे मी लगेच साखर आणून ठेवली.

पहिल्या पावसाळ्यात पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. पुसायला गेलो तर ते चालायला लागलं. चार दिवसांत ते हिरवं झालं, बोटाएवढं झालं, आणि डिवचलं की डोक्यातून तांबडी शिंगं काढून घाण वास सोडू लागलं. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या! मी निंबोळी अर्काची बाटली हलवत आलो तर मुलगी ड्रमापुढे आडवी. "बाबा, त्या बाळं आहेत." बाळांनी अकरा दिवसांत झाडाचा खराटा केला. मग काळ्या-पिवळ्या नक्षीची फुलपाखरं उडाली, घरानं टाळ्या वाजवल्या. खताचा खर्च कोणी विचारला नाही.

तिसऱ्या वर्षीही फूल नाही. शालक म्हणाला, "ताण द्या." म्हणजे पाणी तोडायचं, पानं जराशी मलूल झाली की पुन्हा द्यायचं, मग बहर फुटतो. शेतात मुळं खोल जातात म्हणून हे जमतं. ड्रमात एकाच दिवसात झाडाचे डोळे पांढरे झाले आणि रात्री दोनदा टॉर्च घेऊन उठल्यानं माझेही. पण फुलं आली! तीसेक आली, गळत गळत चार लिंबं टिकली.

एप्रिल लागला आणि पारा चव्वेचाळीसवर गेला. हिरवी जाळी बांधली तरी ड्रम तव्यासारखा तापे. भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. शेवटी दुपारी कूलरचं तोंड खिडकीतून झाडाकडे वळवलं. घरात वरणासारखे उकळत आम्ही तिघं, बाहेर गार वाऱ्यात डुलणारी चार लिंबं. अमळनेरकडचे शेजारी रोज कंपाउंडवरून विचारत, "भाऊ, कितला लिंबू लागनात?" मी रोज चार सांगे. आकडा वाढत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

आखाजीला शालकानं नवा ट्रॅक्टर घेतला. ताईनं ओवाळल्याशिवाय रावेरला न्यायचा नाही म्हणून शोरूममधून थेट आमच्या दारात. मी पुरणपोळीच्या तयारीत, म्हणजे दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर हळदीकुंकू, नारळ, झेंडूचा हार सगळं सजलेलं.

"लिंबं विसरलो होतो, दाजी," शालक वर बसून म्हणाला. "ताईनं घरचीच दिली."

चार चाकं. प्रत्येकाखाली एक. मी तोंड उघडायच्या आत त्यानं क्लच सोडला.

ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाल्यावर मी रस्त्यावर उकिडवा बसलो. साल पातळ होती. बिया कमी. आणि रस, काय सांगू, डांबरावर वीतभर पसरला होता.