बैठकीत सही करण्याआधी

काल संध्याकाळी पिंपळाखाली नेहमीचे आम्ही तिघे, मी, बाबलो आणि मास्तर, चाय आणि मिरची भजी, आणि बाबलोने सहज सांगितलं की त्यांच्या वाड्यावर रविवारी बैठक आहे, भावांचं सगळं ठरलंय, बहिणीने येऊन फक्त सही करायची. कसली सही? तर माहेरच्या घरावर आणि कुळागरावर, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेवर, माझा काही हक्क नाही असं स्टॅंप पेपरवर लिहून द्यायचं. "घरातल्या घरात मिटतं रे, कोर्टात गेलं की वीस वर्षं."

मी विचारलं, बापूस आहे ना अजून? म्हणाला, आहे की, तोच बैठकीला बसणार.

मग मला गप्प बसवेना. आपल्या गोव्याच्या वारसा कायद्यात माणूस जिवंत असताना त्याच्या वारशावरचा हक्क सोडताच येत नाही, म्हणजे तो कागद उद्या उभा राहणार नाही. आणि बापूस गेल्यावर सोडायचा असेल तर सरकारी स्पेशल नोटरीसमोर रीतसर दस्त करावा लागतो, आणि तो सगळ्या वारशाचा, कुळागर सोडते आणि घर ठेवते असं अर्धं-मुर्धं चालत नाही. बहिणीला हे कोणी सांगितलं का? नाही. भावांनाही ठाऊक नाही, त्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या आतेने असाच कागद दिला होता, आणि नंतर कित्येक वर्षं ती माहेरी पाहुण्यासारखी येऊन ओसरीवरूनच परत जायची, ते मी लहानपणी बघितलंय.

म्हणून मी म्हटलं, आपल्या गावातली पॅरालीगल ताई आहे, अंगणवाडीत असते ती, तिला रविवारी बोलव.

इथे मास्तर भडकले. "थोडं ट्रेनिंग घेतलं, गळ्यात आयकार्ड घातलं की झाले वकील? गावच्या बैठकीत जाणती माणसं बसतात, कोणाचा माड कुठल्या बांधावर हे त्यांना पाठ असतं. बाहेरचा कायदा आत आणला की भावकी तुटते. आणि मामलेदाराच्या दारात कागद भरून देतो म्हणत पैसे काढणारे थोडे आहेत का, त्यात ही भर."

मास्तरांचं पैशाचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पॅरालीगलने पक्षकाराकडून एक रुपया घेतला की संपलं, तो दलाल झाला. पण ती वकील नाहीच ना मास्तर, कोर्टात उभी राहूच शकत नाही. विधी सेवा प्राधिकरणाची ही पॅरालीगलची योजना 2009 ची, तिचं काम लोकांना माहिती देणं, अर्ज लिहायला मदत करणं आणि गरज पडली तर फुकट वकील मिळवून देणं. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला फुकट वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो, आणि हे आपल्या अर्ध्या गावाला माहीत नाही. विधी सेवेच्या 15100 या नंबरवर नुसता फोन केला तरी चालतो.

बाबलो म्हणाला, पण बैठकवाले तिचं ऐकतील कशाला? हा प्रश्न खरा. मी आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं सांगितलं, तिथे 2002 ला युद्ध संपलं तेव्हा बहुतेक वकील राजधानीत आणि गावात न्याय करायला मुखिया, दंड लावील तो खरा. 2003 ला टिमॅप फॉर जस्टिस नावाच्या संस्थेने गावागावात पॅरालीगल बसवले, ते मुखियाशी भांडत नव्हते, आधी बोलणी करायचे, पण मागे संस्थेचे वकील आहेत हे मुखियाला ठाऊक असायचं म्हणून बोलण्याला वजन होतं. पुढे 2012 च्या कायद्याने त्यांना मान्यताही मिळाली. आपल्या ताईच्या मागे असा तालुक्याचा वकील उभा नसेल तर तिला एकटीला बैठकीत ढकलणं हा तिच्यावर अन्याय, हे मी मास्तरांना कबूल केलं.

मास्तर थोडे निवळले, म्हणाले, बांधाचं, पायवाटेचं, विहिरीचं बैठकीत मिटू दे, त्यात तिची गरज नाही. मी म्हटलं, तिथेही मिटलेलं लोकअदालतीत नोंदवलं तर ते कोर्टाच्या निकालासारखं पक्कं होतं, नुसता कागद उद्या कोणीही फाडतो, हे ताईच सांगणार ना? आणि लहान पोरीशी कोणी गैर वागलं तर ते बैठकीत आणायचंच नाही, पोक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे गावची अब्रू मध्ये आणायची नाही. यावर मास्तर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

बाबलोने तिथूनच ताईला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीचा, उतारा आणा, सर्व्हे नंबर बघूया, बहिणीला म्हणावं सही आज नको, आणि तिच्या घोवालाही, म्हणजे नवऱ्यालाही, बरोबर घेऊन या, लग्नाची नोंद झालीय ना विचारा. बाबलो भज्याच्या कागदावरच लिहून घेत होता, तेलाने पेन चालेना, मग मास्तरांनी खिशातली डायरी काढून दिली आणि विचारलं, बैठक किती वाजता आहे रविवारी, मीही येतो.